जंतूंची पकड आणि माझा लाल शेरा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी घेवडा मोडत बसले होते. "कांबळे मॅडम, आमच्या दिवाळी अंकासाठी तुमच्या नोकरीतले चार किस्से लिहा. जरा हलकेफुलके." मी म्हटलं, "अहो, मी तीस वर्षं लोकांची थुंकी, लघवी आणि पू तपासला. त्यात हलकंफुलकं काय असणार?" ते हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

मी कोल्हापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात जंतू-तपासणी विभागात तंत्रज्ञ होते. आमच्या कामाला सगळे 'कल्चर' म्हणतात. रुग्णाकडून आलेला नमुना खाद्य घातलेल्या बशीवर पेरायचा, उबेच्या कपाटात ठेवायचा आणि काय उगवतं ते बघायचं. उगवलेला जंतू कोण ते ओळखायचं, मग तो कोणत्या औषधाने मरतो ते शोधून डॉक्टरांना कळवायचं. सांगायला चार वाक्यं पुरतात. करताना जीव जातो, कारण पेरलेलं उगवायला वेळ लागतो आणि हे कुणाला पटत नाही. सकाळी नमुना आला की दुपारी वॉर्डातून फोन येतो, "रिपोर्ट झाला का?" मी म्हणायची, "अजून उगवलं नाही." पलीकडून विचारणार, "मग लवकर उगवायला काही घालता येत नाही का?" हे विचारणारा पाच-सहा वर्षं वैद्यकशास्त्र शिकून आलेला असायचा.

नमुन्यांबद्दल तर बोलूच नये. खोकून काढलेला बेडका द्या म्हटलं की लोक डबीत नुसती लाळ थुंकून द्यायचे. लघवी कफ सिरपच्या बाटलीतून यायची, तीही न धुतलेल्या. जखमेतला पू रुमालाला पुसून तो रुमालच एकाने आणून दिला होता. अर्जावर रुग्णाचं वय नसायचं, आजार नसायचा, नमुना कुठून घेतला तेही नसायचं. 'पू' एवढंच. कानातला का पायातला, ते मी ओळखायचं.

पण मला सगळ्यात जास्त छळलं ते रक्ताच्या बाटल्यांनी. रक्तात जंतू आहेत का हे बघायला दंडातलं रक्त काढून थेट बाटलीत घालतात. आता आपल्या सगळ्यांच्या कातडीवर जंतू राहतात, निरुपद्रवी बापडे. कातडी नीट पुसली नाही, पुसून अर्धा-एक मिनिट वाळू दिली नाही, तर सुईबरोबर ते बाटलीत जातात आणि तिथे जोमाने वाढतात. मग आम्हाला कळेना, हे रक्तातले का कातडीवरचे. म्हणून एकाच वेळी दोन-तीन ठिकाणांहून वेगवेगळ्या बाटल्या घ्यायच्या असतात. एकाहून जास्त बाटल्यांत तोच जंतू आला तर खरा, एकातच आला तर बहुधा कातडीवरचा. हे मी कितीदा सांगितलं असेल. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलं होतं. त्या कागदावर कुणीतरी कॅलेंडर टांगलं.

निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं होतं, तेव्हाची ही गोष्ट आहे. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याचं दुकान चालवणाऱ्या आक्काताई आमच्याकडे दाखल झाल्या. पन्नाशीच्या आतबाहेरची बाई, अंगाने काटक. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप खराब झालेली. त्यावर संसार झाला, दुकान झालं, काही अडलं नाही. पण माघातल्या खेट्यांच्या, म्हणजे जोतिबाच्या रविवारच्या वाऱ्यांच्या, गर्दीत त्यांना बारीक ताप सुरू झाला तो जाईना. डोंगरावरच्या डॉक्टरने दोन दिवसांच्या गोळ्या दिल्या. ताप उतरला, पुन्हा आला. पुन्हा गोळ्या. असं महिनाभर चाललं. मग त्यांचे यजमान, सगळे त्यांना बापू म्हणत, त्यांना आमच्याकडे घेऊन आले.

आमचे फिजिशियन डॉ. शिर्के यांनी रक्ताच्या दोन बाटल्या सांगितल्या होत्या. आली एक. दुसरीला बापूंनी नकार दिला, म्हणाले, "एकदा काढलं की. बाईच्या अंगात हायच किती रगात?" आणि ज्याने रक्त काढलं त्याने वाद नको म्हणून तेवढ्यावर भागवलं.

दुसऱ्या दिवशी बाटलीत वाढ झाली. बशीवर पांढऱ्या, गुळगुळीत ठिपक्यांचा जंतू उगवला. त्या आठवड्यातली ती तशी चौथी बाटली होती. आधीच्या तिन्हींत कातडीवरचेच जंतू निघाले होते आणि त्यावरून अपघात विभागातल्या लोकांशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं. या घराण्यातला धोकादायक भाऊ ओळखायला आम्ही एक चाचणी करतो. काचेच्या नळीत प्लाझ्मा, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेलं पिवळसर पाणी, घ्यायचं आणि त्यात जंतू मिसळून चार तास उबेत ठेवायचं. प्लाझ्मा जेलीसारखा गोठला तर जंतू घातकी. नाही गोठला तर कातडीवरच्या बापड्यांपैकी कुणीतरी. माझ्या नळीतला प्लाझ्मा गोठला नाही. दुसऱ्या दिवशीही पाण्यासारखाच राहिला.

मी रिपोर्ट लिहिला: त्वचेवरील जंतू, नमुना दूषित असण्याची शक्यता. खाली लाल शाईने शेरा मारला, 'नमुना घेताना त्वचा नीट पुसावी, ही विनंती पुन्हा एकदा.' 'पुन्हा एकदा' खाली दोन रेघा ओढल्या. फार बरं वाटलं मला त्या रेघा ओढताना.

डॉ. शिर्क्यांनी रिपोर्ट वाचला. ताप तेवढ्यात उतरला होता. आक्काताईंना घरची ओढ लागली होती, कारण चैत्राची यात्रा तोंडावर आलेली आणि दुकानात माल भरायचा होता. आणखी गोळ्या देऊन त्यांना घरी पाठवलं.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या, स्ट्रेचरवरून. यात्रा संपून दोन दिवस झाले होते. दुकानात खोबऱ्याच्या वाट्या रचता रचता डावा हात लुळा पडला आणि तोंड वाकडं झालं. डॉ. शिर्क्यांनी हृदयाची सोनोग्राफी केली तेव्हा त्या जुन्या खराब झडपेवर दाणेदार वाढ दिसली. तिचाच तुकडा सुटून मेंदूत गेला होता.

त्यांनी मला फोन केला. "कांबळे बाई, औषध लगेच सुरू करतोय."

"सर, आधी रक्त द्या. तीन बाटल्या, तीन जागांवरून. एकदा औषध गेलं की मला काही सापडणार नाही."

"बाई पॅरालिसिसने पडली आहे."

"म्हणूनच म्हणते. कुणाला मारायचं ते माहीत नसताना सहा आठवडे औषध देणार का?"

"एक तास देतो," ते म्हणाले.

मी वॉर्डात सहसा जात नसे. त्या दिवशी स्वतः बाटल्या घेऊन गेले, कारण कुणाच्याही हातांवर माझा विश्वास उरला नव्हता. पलंगाशी बापू उभे होते. माझ्या हातातल्या तीन बाटल्या बघून ते आडवेच आले.

"वो बाई, पयल्या वक्ताला काढलंसा की रगात. काय निघालं त्यात? काय न्हाय. आता आनि तीन? माणूस जगवायला आलाय का दूध काढल्यागत रगात काढाय आलाय तुमी?"

माझ्या तोंडावर आलं होतं की त्या वेळी दुसरी बाटली तुम्हीच नाकारलीत. पण आक्काताईंकडे बघितलं आणि गिळून टाकलं. तासातली दहा मिनिटं गेली होती. मी बापूंना बाकावर बसवलं आणि समजावून सांगायला लागले. आजवर मी जंतू एवढ्या साध्या भाषेत कुणाला सांगितला नव्हता.

"बापू, डोंगरावरच्या गवतातून चालताना लुगड्याला कुसळं चिकटतात का नाही?"

"चिकटत्यात की."

"आणि हातात स्टीलची कळशी असली तर तिला?"

"कळशीला कशी चिकटतील? त्येला धराय काय हाय?"

"तसंच आहे हे. दात घासताना, गळू पिळताना, थोडे जंतू सगळ्यांच्याच रक्तात शिरतात. रक्ताचा जोर एवढा, की ते वाहून जातात आणि मरतात. हृदयाचं अस्तर कळशीसारखं गुळगुळीत असतं, धरायला जागा नसते. पण आक्काताईंची झडप लहानपणापासून खरबरीत आहे. असं अस्तर खरचटलं की शरीर त्यावर बारीक जाळं विणतं, जखमेवर खपली धरते तसं. ते जाळं प्रथिनाचं असतं. आणि काही जंतूंच्या अंगावर नेमकं तेच प्रथिन पकडणारे आकडे असतात. एकदा पकडलं की रक्त कितीही जोरात वाहू दे, सुटत नाहीत. त्यावर आणखी जाळं चढतं, आत जंतू वाढतात. गोळी दिली की वरचे मरतात, ताप उतरतो. आतले तसेच."

बापू जमिनीकडे बघत म्हणाले, "मांडीवर गळू झालतं तिच्या. खेट्यांच्या आदी. मीच म्हनलो, पिळून काढ."

"ते तुम्हाला कसं माहीत असणार?"

"काढा रगात," ते म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

मी दोन्ही दंडांवरून आणि एका मनगटाजवळून, दर वेळी कातडी पुसून, वाळू देऊन, तीन बाटल्या भरल्या. आक्काताई माझ्याकडे बघत होत्या. बोलता येत होतं पण जीभ जड झाली होती. एवढंच म्हणाल्या, "लई थंड हात हाय तुमचा."

तीनपैकी दोन बाटल्यांत जंतू वाढला. पांढरा, गुळगुळीत. पहिल्या बाटलीतला होता तसाच. मी रजिस्टर काढलं. पहिल्या वेळचा जंतू कोणत्या औषधांनी मरत होता ते लिहून ठेवलेलं होतं. नव्या जंतूची यादी लावून बघितली. ओळीने तीच. पहिल्या बशा आठवड्यानंतर जाळून टाकलेल्या, त्यामुळे हाताशी तेवढाच पुरावा.

नळीची चाचणी पुन्हा लावली. गोठली नाही. मग मी काचपट्टी घेतली. ही जुनी, दहा सेकंदांची चाचणी. जंतू पाण्यात कालवायचे, त्यावर प्लाझ्माचा एक थेंब सोडायचा आणि काचपट्टी हलवत बघायचं. मी नोकरीला लागले तेव्हा ती सगळे करायचे. पुढे कधी कधी तिच्यात फसगत होते म्हणून मागे पडली आणि सगळे थेट नळीच लावू लागले. मीही.

थेंब सोडला आणि दूध नासावं तसे कण कण दिसायला लागले. पाणी वेगळं, गुठळ्या वेगळ्या. याचा अर्थ साधा होता. प्लाझ्मात रक्त गोठवणारं प्रथिन असतं, फायब्रिनोजन त्याचं नाव. खरचटलेल्या झडपेवरचं जाळं त्याचंच होतं. या जंतूने ते पकडलं होतं आणि त्यामुळे जंतू एकमेकांत गुंतले होते. नळीच्या चाचणीत जंतू बाहेर काय सोडतो ते कळतं, काचपट्टीवर त्याच्या अंगावर काय आहे ते. हा बाहेर काहीच सोडत नव्हता. आकडे मात्र अंगावर बाळगून होता. बापूंना मी बाकावर बसून जे सांगितलं, ते माझ्या डोळ्यांसमोर एका काचेवर घडत होतं आणि मी ते तीन आठवड्यांपूर्वी दहा सेकंदांत बघू शकले असते.

जंतू ओळखणाऱ्या मशीनने दुसऱ्या दिवशी नाव दिलं, स्टॅफिलोकोकस लुग्डुनेन्सिस. दिसायला कातडीवरच्या बापड्यांसारखा, झडपेवर बसला की त्या घातकी भावाइतकाच वाईट. आणि मारायला सोपा. साध्या, जुन्या पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधाने मरणारा. आयुष्यभर मी दुसऱ्यांवर ओरडले. नमुना नीट घेत नाही, अर्ज नीट भरत नाही, थांबायची तयारी नाही. ही चूक त्यातल्या कुणाचीच नव्हती.

म्हणजे एक बाटली कमी होती, हे खरं. पण ती कमी होती म्हणूनच मी जास्त बघायला हवं होतं. अर्जावर 'झडपेचा जुना आजार, महिनाभर ताप' असं लिहिलेलं होतं. नेमका तोच अर्ज कुणीतरी पूर्ण भरला होता आणि मी तो वाचला नव्हता.

रिपोर्ट घेऊन मी डॉ. शिर्क्यांकडे गेले. टेबलावर आक्काताईंची फाईल उघडी होती आणि माझा पहिला रिपोर्ट वरच होता, लाल शेऱ्यासकट. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एकच बाटली होती बाई. मीही तो रिपोर्ट वाचून तेच मानलं."

"तुम्ही मानलंत, कारण मी लिहिलं."

"बरं. आता काय करायचं?"

"घरच्यांना सांगायला हवं."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आत्ता नको. ती माणसं आधीच घाबरलेली आहेत. उपचारावरचा विश्वास उडाला तर घेऊन जातील उठून. सहा आठवडे औषध द्यायचंय, मग ऑपरेशनला पाठवायचंय. नंतर बघू."

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मला ते सोयीचंही वाटलं, हे लिहायला पाहिजे. 'नंतर' कधी आलं नाही. आक्काताईंना सलाईनमधून औषध चाललं. मग दुसऱ्या शहरात नेऊन झडप बदलली. बाई वाचली. डॉ. शिर्के पुढे नोकरी सोडून मुलाकडे गेले. मी खात्यात काचपट्टीची चाचणी पुन्हा सुरू केली. रक्तातून आलेल्या प्रत्येक पांढऱ्या जंतूवर करायचीच, आणि 'दूषित' लिहिण्याआधी वॉर्डात फोन करून रुग्णाला काय झालंय ते विचारायचं, असा नियम केला. माझे सहकारी कुरकुरत. "मॅडम, कातडीवरच्यासाठी कशाला एवढं?" म्हणत. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर कोल्हापुरातच, बावड्यातल्या माझ्या घरात मला फार दिवस चैन पडली नाही. शेवटी एका सकाळी एसटीने जोतिबाला गेले. यात्रेचे दिवस नव्हते, गर्दी बेताची होती. दुकान शोधायला लागलं नाही. आक्काताई गल्ल्याशी बसून कागदी पुड्या बांधत होत्या. बापू आत पोत्यातला गुलाल उपसत होते.

मला आक्काताईंनी ओळखलं नाही. बापूंनी ओळखलं. "रगातवाल्या बाई," म्हणाले आणि चक्क हसले. पाणी दिलं, चहा सांगितला. आक्काताई म्हणाल्या, "तुमी त्या दिशी तीन बाटल्या काढल्यासा म्हनून वाचले मी. डॉक्टर म्हनले तसं."

मग मला चहा येईपर्यंत थांबणं शक्य झालं नाही. मी सांगून टाकलं. पहिल्या वेळीच जंतू बाटलीत उगवला होता. मी तो कातडीवरचा समजून रिपोर्ट दिला. दहा सेकंदांची चाचणी केली नाही. केली असती तर औषध तीन आठवडे आधी सुरू झालं असतं, आणि कदाचित हात गेला नसता. कदाचित गेलाही असता, पण ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

बापू ऐकता ऐकता उभे राहिले. हातातलं माप पोत्यात टाकलं आणि पायऱ्या उतरून निघून गेले.

आक्काताई हातातल्या पुडीकडे बघत होत्या. "त्या तीन आटवड्यात जत्रा झाली," त्या म्हणाल्या. "तापात हुबी हुते मी. वाटायचं, दमलोय म्हनून हुतंय."

"हो."

"तवाच सांगायचं हुतं."

"सांगायला पाहिजे होतं."

"आता काय म्हनू मी? जाऊ द्या म्हनू?"

"काही म्हणू नका."

"न्हाईच म्हनत," त्या म्हणाल्या. "हात माझा गेलाय."

मी उठायच्या बेतात होते. एवढ्यात गिऱ्हाईक आलं, नवराबायको आणि दोन लेकरं. पाच पुड्या हव्या होत्या. आक्काताईंनी कागदावर गुलाल-खोबरं घेतलं, उजव्या हाताने घडी घातली, पण डाव्या हाताची बोटं कागदावर ठरेनात. पुडी उलगडायला लागली. एरवी बापू धरत असणार. त्यांनी रस्त्याकडे एकदा बघितलं, मग पुडी माझ्यापुढे सरकवली.

"धरा."

मी धरली. त्यांनी उजव्या हाताने दोरा फिरवला, टोक दातात धरून गाठ मारली. पाचही पुड्या तशाच झाल्या. ते गिऱ्हाईक गेलं, दुसरं आलं. चहा आला, निवून गेला. माझे हात मनगटापर्यंत गुलाबी झाले.

दोन तासांनी बापू परत आले. मी त्यांच्या जागेवर पुडी धरून बसले होते, उन्हाची तिरीप माझ्या तोंडावर आली होती. ते माझ्याकडे न बघता आत गेले, माप उचललं, पोत्यात घातलं. थोड्या वेळाने आतूनच म्हणाले,

"उनात बसलायसा. आत सरा."